एकाच नावाचे दोन लॅपटॉप : १४ इंची बिझनेस मॉडेलांची तुलना

गेले पंधरा दिवस माझ्या टेबलावर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि एकाच रंगाचे दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडे आहेत. दोन्हींवर हिशेबाचा तोच तक्ता आहे आणि ज्या आकड्यांची फेरतपासणी बाकी आहे, ते रकाने फिकट पिवळ्या रंगाने भरलेले आहेत. डावीकडच्या यंत्रावर हे रकाने लांबूनही ओळखू येतात. उजवीकडच्या यंत्रावर मात्र ती पिवळी छटा पांढऱ्यात इतकी विरघळून जाते की, मान थोडी तिरकी केल्याशिवाय ती आहे की नाही हेच कळत नाही. आमच्या लेखा विभागातील सहकारी एका महिन्यात दोन नोंदी तपासायला विसरले, तेव्हा आधी त्यांच्या डोळ्यांवर आणि मग त्यांच्या लक्षावर शंका घेतली गेली. दोष स्क्रीनचा होता. झाकणावरचे नाव एकच असले, तरी आत दोन वेगळ्या प्रतीची पॅनेल होती. पुरवठादाराच्या दरपत्रकात केवळ 'चौदा इंच, डब्ल्यूयूएक्सजीए, अँटीग्लेअर' (म्हणजे १९२० × १२०० पिक्सेलची, न चकाकणारी स्क्रीन) एवढेच लिहिलेले होते आणि ते वर्णन दोन्ही पॅनेलना तंतोतंत लागू पडत होते, त्यामुळे तक्रार करायलाही जागा उरली नाही.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्याच्या आगेमागे अनेक कार्यालयांप्रमाणे आम्हालाही जुनी यंत्रे बदलावी लागली. नवी यंत्रे निवडण्याचे काम माझ्याकडे आल्यामुळे १४ इंची बिझनेस लॅपटॉपांची तीन घराणी मी बारकाईने पाहिली : लेनोव्होचा थिंकपॅड टी१४, एचपीचा एलिटबुक ८४० आणि त्याचे एएमडी प्रोसेसर असलेले भावंड ८४५, तसेच डेलचे लॅटिट्यूड ५४४० व ७४४०. यांतील २०२३ ची पिढी, म्हणजे टी१४ जेन ४, एलिटबुक जी१० आणि ५४४०–७४४० ही जोडी, मी तुलनेचा पाया म्हणून घेतली आहे. ही यंत्रे नवी आणि वापरलेली अशी दोन्ही प्रकारे मिळतात, शिवाय २०२४ च्या टी१४ जेन ५, ८४० जी११ आणि लॅटिट्यूड ५४५० यांचा सांगाडा याच विचारावर उभा आहे. २०२५ च्या जानेवारीत डेलने लॅटिट्यूड हे नाव मोडीत काढून 'डेल प्रो' हे नाव आणले आणि एचपीनेही पुढच्या पिढीसाठी नावांची मांडणी बदलली. खरेदीदाराचा घोळ त्याने कमी झाला असे मला वाटत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. या तीन घराण्यांतील फरक आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी आहे आणि एकाच मॉडेलच्या दोन प्रकारांतील फरक आपण समजतो त्यापेक्षा बराच जास्त आहे. थिंकपॅड चांगला की एलिटबुक, या वादात घालवलेला वेळ स्क्रीन आणि प्रोसेसर यांच्या दोन ओळी नीट वाचण्यात घालवला, तर हाती येणारे यंत्र हमखास बरे निघते.

प्रोसेसरपासून सुरुवात करतो, कारण खरेदीच्या बैठकीत सर्वांत मोठ्या आवाजात बोलली जाणारी बाब तीच असते आणि 'सगळ्यांना आय७ च घ्या' हे वाक्य कुणीतरी म्हणतेच. इंटेलच्या तेराव्या पिढीतील आय५-१३३५यू आणि आय७-१३५५यू यांची तुलना करून पाहावी. दोन्हींत १० कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारी केंद्रे, आहेत; त्यांपैकी २ दमदार आणि ८ काटकसरी. दोन्हींत १२ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, आहेत, दोन्हींची कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट स्मृती, १२ एमबी आहे आणि दोन्हींची मूळ वीजमर्यादा १५ वॅट आहे. कमाल वेग एकाचा ४.६ गिगाहर्ट्झ, तर दुसऱ्याचा ५.० गिगाहर्ट्झ. ग्राफिक्सचे एककही आय५ मध्ये ८० आणि आय७ मध्ये ९६ आहेत. वेगातला हा फरक कागदावर आठ-नऊ टक्क्यांचा दिसतो, परंतु तो कमाल वेग एखाद-दुसऱ्या कोअरवर, क्षणभरासाठी मिळतो. ब्राउझरमध्ये तीस टॅब, एक मोठा तक्ता आणि जोडीला व्हिडिओ बैठक, असा ज्यांचा दिवस जातो त्यांना हा फरक हाताला जाणवत नाही. मला तरी जाणवला नाही, आणि तो जाणवावा म्हणून मी प्रयत्न केला होता.

आता त्याच पिढीतील आय५-१३४०पी पाहावा. नावात पुन्हा आय५ च आहे, परंतु आत ४ दमदार आणि ८ काटकसरी असे १२ कोअर, १६ थ्रेड आणि २८ वॅटची मूळ मर्यादा आहे. म्हणजे शेवटी 'यू' असलेल्या आय७ पेक्षा शेवटी 'पी' असलेला आय५ अनेक कामांत सरस ठरू शकतो, हे दरपत्रक वाचणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. आय३, आय५, आय७ ही अक्षरे विक्रीच्या पायऱ्या सांगतात, तर यंत्राचा स्वभाव आकड्यांच्या शेवटी असलेले एकुलते एक अक्षर सांगते. पुढच्या कोअर अल्ट्रा पिढीतही हेच दिसते. अल्ट्रा ७ १५५यू मध्ये दमदार कोअर २ च आहेत, अल्ट्रा ५ १२५एच मध्ये ते ४ आहेत आणि अल्ट्रा ७ १५५एच मध्ये ६. 'सात' हा आकडा पाहून 'यू' घेणारा माणूस 'पाच' घेणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा मागे पडू शकतो.

मात्र 'पी' किंवा 'एच' सरसकट घ्यावा असेही मी म्हणणार नाही, कारण प्रोसेसरच्या अंगात जी ताकद असते ती बाहेर येऊ द्यायची की नाही, हे लॅपटॉपचा पंखा आणि उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी ठरवतात. इंटेलच्या या प्रोसेसरांना दोन मर्यादा असतात : एक थोड्या वेळापुरती, जी १३४०पी साठी ६४ वॅटपर्यंत जाते, आणि दुसरी दीर्घकाळ टिकवायची. ही दुसरी मर्यादा कुठे ठेवायची, याचे स्वातंत्र्य लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला असते. स्कॅन केलेल्या तीनशे पानांतून मजकूर ओळखण्याचे काम मी 'यू' आणि 'पी' अशा दोन्ही यंत्रांना एकाच वेळी दिले. पहिला काही काळ दोन्ही यंत्रे जवळपास सारखीच धावली. नंतर 'पी' पुढे गेले, त्याचा पंखा चढ्या सुरात लागला आणि की-बोर्डाचा वरचा मधला भाग, साधारण 'वाय' आणि 'यू' या कळांच्या वर, बोटाला नकोसा वाटेल इतका तापला. पंख्याचा तो आवाज बैठकीत समोरच्या माणसालाही ऐकू गेला आणि 'तुमच्याकडे पाऊस पडतोय का?' असा प्रश्न आला. रोज असे जड काम करणाऱ्या दोन सहकाऱ्यांना मी 'पी' सुचवला आणि उरलेल्या सर्वांना 'यू'.

एएमडीकडे वळले की अक्षरांऐवजी आकड्यांचे कोडे सोडवावे लागते. रायझन ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२०यू मध्ये झेन २, ७५३०यू मध्ये झेन ३, ७५३५यू मध्ये झेन ३+ आणि ७५४०यू मध्ये झेन ४ ही रचना आहे. चारही 'रायझन ५', चारही '७५' ने सुरू होणारे आणि दुकानाच्या फळीवर चारही 'नवे'. ७५३०यू ही ७ नॅनोमीटरवर घडवलेली जुनी रचना आहे आणि तिच्यात वेगा हे एएमडीचे जुने ग्राफिक्स आहे, तर ७५४०यू ही ४ नॅनोमीटरची असून तिचे ग्राफिक्स एकाहून अधिक पिढ्यांनी पुढचे आहे. दहाच्या फरकात एवढे अंतर दडवून ठेवणाऱ्या नामकरणाला कुणीतरी बक्षीस द्यायला हवे. बिझनेस लॅपटॉपांत, उदाहरणार्थ एलिटबुक ८४५ जी१० मध्ये, रायझन ५ प्रो ७५४०यू आणि रायझन ७ प्रो ७८४०यू हे दोन्ही झेन ४ चे प्रोसेसर मिळतात आणि त्यांतला ७८४०यू, ८ कोअर आणि १६ थ्रेड असलेला, मला या संपूर्ण पिढीतील सर्वांत समतोल प्रोसेसर वाटतो. कामाचा लोंढा आला तरी तो टिकून राहतो आणि चार्जर काढल्यावर त्याचा वेग फारसा गळत नाही. पुढच्या वर्षीचा ८८४०यू हा बहुतांशी हाच प्रोसेसर आहे. त्यातील कृत्रिम बुद्धिमत्तेचा विभाग, म्हणजे एनपीयू, तेवढा अधिक वेगवान केलेला आहे.

या एनपीयूचा गाजावाजा बराच होतो, म्हणून दोन शब्द. मायक्रोसॉफ्टच्या 'कोपायलट प्लस' या शिक्क्यासाठी ४० टॉप्स (सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया) क्षमतेचा एनपीयू, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण लागते. कोअर अल्ट्राची १०० मालिका आणि रायझनची ८८४०यू ही त्या रेषेच्या बरीच खाली राहतात. इंटेलची २०२४ मधील २००व्ही मालिका ती रेषा गाठते, परंतु तिथे रॅम प्रोसेसरच्याच चकतीवर बसवलेली असते, म्हणजे १६ किंवा ३२ जीबी यांपैकी जे आज घ्याल तेच शेवटपर्यंत. ज्याच्या कामात हा शिक्का लागत नाही, त्याने त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

रॅमवरून आठवले. प्रोसेसरच्या तुलनेत ही बाब दुय्यम वाटते, पण प्रत्यक्षात यंत्र किती वर्षे चालेल हे बऱ्याच अंशी तीच ठरवते. थिंकपॅड टी१४ जेन ४ च्या इंटेल प्रकारात काही रॅम मदरबोर्डला डाग देऊन पक्की केलेली आहे आणि जोडीला एक मोकळी खाच आहे. त्याच टी१४ जेन ४ च्या एएमडी प्रकारात सगळी रॅम पक्की आहे, खाच नाहीच. नाव तेच, पिढी तीच, आणि तरीही एक वाढवता येतो व दुसरा येत नाही. एलिटबुक ८४० आणि ८४५ जी१० या दोघांतही दोन खाचा आहेत, लॅटिट्यूड ५४४० मध्येही दोन आहेत, ७४४० मध्ये सारे पक्के आहे. जेन ५ मध्ये लेनोव्होने टी१४ ला दोन खाचा दिल्या, आणि दुरुस्तीच्या सोयीचे गुणांकन करणाऱ्या आयफिक्सिटने त्या यंत्राला १० पैकी ९ गुण दिले. इंटेलच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे : आयरिस एक्सई हे प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स पूर्ण ताकदीने चालण्यासाठी रॅमच्या दोन्ही वाहिन्या भरलेल्या असाव्या लागतात. एकाच खाचेत १६ जीबीची पट्टी बसवून दिलेल्या यंत्रात तेच ग्राफिक्स 'यूएचडी' या साध्या नावाने दिसते आणि बाहेरचे दोन मॉनिटर जोडल्यावर खिडक्या सरकवताना तो फरक दिसतो. म्हणून ८ अधिक ८ ही मागणी पत्रात स्पष्ट लिहावी.

आता स्क्रीन. प्रोसेसर बदलला तर वापरणाऱ्याला दिवसातून पाच वेळा कळते, स्क्रीन बदलली तर आठही तास कळते, आणि तरीही दरपत्रकात प्रोसेसरला अर्धी ओळ मिळते आणि स्क्रीनला तीन शब्द. हे उलटे आहे.

सर्वांत आधी आकार. १९२० × १०८० म्हणजे १६:९ आणि १९२० × १२०० म्हणजे १६:१०. टी१४ ने जेन ३ पासून आणि एलिटबुक ८४० ने जी९ पासून, म्हणजे दोघांनीही २०२२ मध्ये, उंच स्क्रीन स्वीकारली. लॅटिट्यूड ७४४० मध्येही ती आहे, परंतु ५४४० आणि त्यानंतरचा ५४५० हे मात्र जुन्या आडव्या स्क्रीनवरच थांबले. १२० ओळींचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. एक्सेलमध्ये नेहमीच्या उंचीची ओळ १०० टक्के मापावर २० पिक्सेलची असते, म्हणजे उंच स्क्रीनवर तक्त्याच्या सहा ओळी जास्त दिसतात, आणि विंडोजचे माप १२५ टक्के ठेवले तर जवळजवळ पाच. पत्र लिहिताना वरचा रिबन आणि खालचा टास्कबार जागा खाऊन टाकतात, तेव्हा उरलेल्या पट्टीत ही वाढीव उंची फार मोलाची ठरते. केवळ या एका कारणासाठी ५४४० माझ्या यादीत खाली गेला, एरवी त्यात नाव ठेवण्यासारखे फारसे काही नाही.

दुसरी बाब प्रकाशाची. पॅनेलची उजळता निटमध्ये मोजतात. एलिटबुक ८४० जी१० चे उदाहरण घेतले तर त्यात २५० निटचे साधे पॅनेल, ४०० निटचे कमी वीज खाणारे पॅनेल आणि गोपनीयतेसाठी पाहण्याचा कोन अरुंद करणारे १००० निटचे पॅनेल असे पर्याय दिसतात. लॅटिट्यूड ५४४० मध्येही तळाचे पॅनेल २५० निटचेच आहे. बंद खोलीत, ट्यूबलाइटच्या उजेडात, २५० निट पुरतात हे मान्य करायला हवे. खिडकीला पाठ करून बसणाऱ्याला ते पुरत नाहीत. त्याला उजळता शेवटच्या टोकाला न्यावी लागते, आणि तरीही काळ्या पार्श्वभूमीवर स्वतःचा चेहरा दिसत राहतो. ४०० निटचे पॅनेल घेण्याचे याहून मोठे कारण मात्र विजेचे आहे. हलक्या कामात स्क्रीन हा बॅटरीच्या मोठ्या खर्चांपैकी एक असतो आणि कमी वीज खाणारे पॅनेल तेवढाच उजेड कमी विजेत देते. माझ्या टेबलावरचा डावीकडचा लॅपटॉप उजवीकडच्यापेक्षा संध्याकाळी दीड तास जास्त तग धरतो. प्रोसेसर आणि बॅटरी दोन्हींत एकच आहे.

बॅटरीबद्दलही तीच खबरदारी घ्यावी लागते. टी१४ जेन ४ मध्ये ३९.३ किंवा ५२.५ वॅट-तास, एलिटबुक ८४० जी१० मध्ये ३८ किंवा ५१, लॅटिट्यूड ५४४० मध्ये ४२ किंवा ५४ अशा दोन-दोन बॅटऱ्या मिळतात. स्वस्त दिसणाऱ्या दरपत्रकात बहुधा लहान बॅटरी असते आणि तिचा उल्लेख 'तीन सेल' एवढाच असतो. काही मॉडेलांत तर दोन्ही बॅटऱ्या तीन सेलच्याच असतात, त्यामुळे सेल मोजून काही कळत नाही, वॅट-तासच विचारावे लागतात.

तिसरी बाब, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित, रंगांची. '४५ टक्के एनटीएससी' (एनटीएससी हे रंगांच्या आवाक्याचे टीव्हीच्या काळातले जुने माप) हे शब्द जिथे दिसतील तिथे थांबावे. संगणकावरच्या बहुतेक मजकुराचे आणि चित्रांचे रंग ज्या एसआरजीबी मापात ठरवलेले असतात, त्याचा साधारण बासष्ट-त्रेसष्ट टक्के भागच असे पॅनेल दाखवू शकते. '७२ टक्के एनटीएससी' आणि '१०० टक्के एसआरजीबी' हे मात्र व्यवहारात जवळपास एकच आहेत. उणा पडणारा भाग चमकदार लाल, हिरव्या आणि पिवळ्याचा असतो. शिक्क्याचा लाल रंग विटकरी दिसतो, आलेखातील केशरी आणि लाल रेषा एकमेकींच्या सावल्या वाटू लागतात, आणि तक्त्यातले फिकट पिवळे रकाने, सुरुवातीला सांगितल्याप्रमाणे, अदृश्य होतात. हे केवळ छायाचित्रकारांच्या उपयोगाचे आहे, हा समज मी या अनुभवानंतर सोडून दिला.

इथे एक सापळा आहे. निटचा आकडा मोठा असला म्हणजे रंगही चांगले असतील असे गृहीत धरू नये. टी१४ जेन ५ च्या पर्यायांत ४०० निट आणि ४५ टक्के एनटीएससी असे एक पॅनेल आहे आणि ४०० निट व १०० टक्के एसआरजीबी असे दुसरे. उजेड दोन्हींत सारखा, रंग वेगळे, आणि कमी वीज खाण्याचा गुण फक्त दुसऱ्यात. दरपत्रकात '४०० निट' एवढेच लिहून आले, तर कोणते पॅनेल येईल हे सांगता येणार नाही. बहुधा ते पहिलेच असेल.

पिक्सेलच्या दाटीविषयी मत बनवताना देवनागरी मजकूर वाचून पाहावा. १४ इंचांत १९२० × १२०० म्हणजे एका इंचात सुमारे १६२ पिक्सेल आणि २८८० × १८०० म्हणजे सुमारे २४३. रोमन लिपीतला मजकूर पहिल्या दाटीवर पुरेसा स्वच्छ दिसतो. मराठी मजकूर लहान टंकात ठेवला की 'ष्ट्य', 'द्ध्य' अशी जोडाक्षरे आपापल्या जागी गुदमरतात आणि मात्रेशेजारचा अनुस्वार तिला चिकटून जातो. 'मुलें' आणि 'मुले' यांतला फरक मुद्रितशोधन करणाऱ्याला महत्त्वाचा असतो. दाट पॅनेलवर हा ताण नाहीसा होतो, पण वीज जास्त जाते. शिवाय विंडोजचे माप वाढवावे लागते आणि बाहेरच्या साध्या मॉनिटरवर खिडकी नेली की काही जुने प्रोग्राम धूसर दिसतात. मी मजकुराचे काम करणाऱ्या एकाच सहकाऱ्यासाठी दाट पॅनेल मागवले. इतरांनी १२०० ओळींच्या स्क्रीनवर टंक एक घर मोठा करून घ्यावा, हा सल्ला फुकटचा आहे आणि उपयोगी पडतो.

टी१४ जेन ४ मध्ये २८८० × १८०० चे ओएलईडी पॅनेलही मिळते. त्यावरचा काळा रंग खरोखर काळा असतो आणि पहिल्या दिवशी नजर हटत नाही. कार्यालयीन कामासाठी मात्र मी ते सुचवणार नाही. ओएलईडीत पांढरा रंग सर्वांत जास्त वीज खातो आणि आपला सगळा दिवस पांढऱ्या पानांवर जातो. अनेक ओएलईडी कमी उजेडावर वेगाने उघडझाप करून प्रकाश कमी करतात आणि काहींच्या डोळ्यांना त्याचा त्रास होतो. टास्कबारसारखी न हलणारी रेघ वर्षानुवर्षे एकाच जागी राहिल्यास तिचा ठसा उमटण्याची शक्यताही असते.

गोपनीयतेच्या पॅनेलबद्दल माझे मत आणखी कडक आहे. बटण दाबले की शेजारच्याला स्क्रीन काळपट दिसते, ही सोय प्रवासात काम करणाऱ्याला नक्कीच हवीशी वाटेल. परंतु ती सोय बंद ठेवली तरी अशा पॅनेलचा पोत थोडा दाणेदार दिसतो आणि कडेच्या बाजूंना उजेड उतरत जातो. समोर दोघे बसून एकाच स्क्रीनवर कागद तपासतात, अशा टेबलावर हे पॅनेल अडचणच करते.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. वजन बहुतेकांचे १.४ किलोच्या आसपास आहे. तारेच्या नेटवर्कचे भोक टी१४ आणि लॅटिट्यूड ५४४० मध्ये आहे, एलिटबुक ८४० आणि लॅटिट्यूड ७४४० मध्ये नाही. एचडीएमआय चौघांतही आहे. की-बोर्ड तिघांचेही चांगले आहेत. थिंकपॅडच्या कळा किंचित खोल जातात असे मला वाटते, पण माझा हात त्याच कळांवर बसलेला असल्यामुळे या मताला फार वजन देऊ नये. व्हीप्रो, म्हणजे इंटेलची दुरून देखभाल करण्याची सोय, असलेले आय५-१३४५यू आणि आय७-१३६५यू हे प्रोसेसर दुरून यंत्रांची देखभाल करणारा विभाग असेल तरच घ्यावेत. एकट्या वापरणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

शेवटी आम्ही एलिटबुक ८४५ जी१० बहुतेकांसाठी घेतले, रायझन ५ प्रो ७५४०यू, ८ अधिक ८ जीबी रॅम, ५१ वॅट-तासांची बॅटरी आणि ४०० निटचे १०० टक्के एसआरजीबी पॅनेल असे पूर्ण वाक्य मागणीपत्रात लिहून. जड काम करणारे दोघे टी१४ वर आहेत. रायझन ७ ऐवजी रायझन ५ घेतल्याने जे वाचले, त्यातून सर्वांना वरच्या प्रतीचे पॅनेल मिळाले.

यंत्रे आल्यावर खोके फोडून पहिली दहा मिनिटे एकच काम केले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटरच्या गुणधर्मांत गेले की 'हार्डवेअर आयडी' दिसतो. त्यातील पहिली तीन अक्षरे बहुधा पॅनेल बनवणाऱ्याची असतात : बीओई, एयूओ, एलजी डिस्प्लेसाठी एलजीडी, इनोलक्ससाठी सीएमएन. लेनोव्होच्या यंत्रांत तिथे पुष्कळदा कंपनीचेच 'एलईएन' दिसते. पुढचे आकडे एका कागदावर उतरवून घेतले आणि त्यावरून प्रत्येक पॅनेलची माहिती पडताळली. एका यंत्रातला क्रमांक इतरांशी जुळला नाही. त्यावर तोच पिवळ्या रकान्यांचा तक्ता उघडला, रकाने स्वच्छ दिसले, आणि पॅनेल दुसऱ्या कारखान्याचे पण त्याच प्रतीचे असल्याची खात्री झाल्यावर ते यंत्र लेखा विभागात पाठवून दिले.